दोन कानांत सवत

कारंज्याच्या बाजारात माझा एक ठरलेला सोनार आहे. लोक तुटके, झिजलेले चांदीचे दागिने त्याला मोडीत देतात, म्हणजे वितळवायला. भट्टी पेटवायच्या आधी तो मला फोन करतो, "सिस्टर, पाच-सहा नग चांगले दिसून राह्यले. येऊन जा." मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. ड्यूटी संपली की पर्स खांद्याला अडकवून मी थेट त्याच्या दुकानात जाते. तो जर्मनची परात पुढं सरकवतो आणि मी मेथी निवडावी तशी मोड निवडत बसते.

तोरड्यांचे घुंगरू काढून मी झुमके केलेत. फुटक्या जोडव्याचं लॉकेट केलंय. कुणाच्या तरी पणजीच्या कंबरसाखळीच्या तीन कड्या आज उपकेंद्रातल्या आशाताईच्या हातात ब्रेसलेट होऊन मिरवतात. शिलाई मशीनच्या बाजूला बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात माझी हत्यारं: दोन पकडी, पत्रा कापायची कातर, एक बारीक कानस आणि घड्याळवाल्याकडून मागून आणलेलं भिंग. आमच्या घरचे साहेब, म्हणजे माझा नवरा, पंचायत समितीत कारकून आहेत. ते म्हणतात, "झालं का पोस्टमॉर्टेम?" मी म्हणते, "झालं, पेशंट बरा होऊन चालायला लागला."

एक नियम मात्र मी पहिल्यापासून पाळत आले. दागिना कुणाचा, कुठून आला, हे सोनाराला कधी विचारायचं नाही. मोडलं की ते कुणाचं राहत नाही, असं मला वाटायचं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते खरंच वाटायला लागलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात परातीत काळ्या पडलेल्या जोडव्यांच्या खाली मला एक पातळ पत्रा सापडला. अंगठ्याएवढा, वर ओवायला कडी. पत्र्यावर मधोमध काहीतरी उभट उठवलेलं होतं, पण इतकं झिजलेलं की ते फूल आहे की ज्वारीचं कणीस, काही कळेना. आमच्या घराण्यानं आजोबांच्या पिढीत धम्म स्वीकारला, तेव्हा देव्हारा गेला, त्यातले देवांच्या आकृती उठवलेले चांदीचे टाकही गेले. टाक हा शब्द मला माहीत होता, पण टाक मी कधी हातात धरलेला नव्हता. माझ्या शेजारणीनं तो पत्रा पाहिला असता तर तिनं लांबूनच हात जोडले असते. मी तो चिंचेनं घासला, भिंगातून पाहिला, आणि रविवारी दुपारी कातर घेऊन बरोबर मधून उभा कापला.

दोन सारखे तुकडे झाले. कडा कानशीनं गोल केल्या, वरची कडी काढून भोकं पाडली, तारेचे आकडे घातले, खाली एकेक लाल मणी लोंबता सोडला. कानातले फार सुंदर झाले होते, हे आजही सांगते. उपकेंद्रात लसीकरणाला आलेल्या बायासुद्धा पोरांना सोडून माझ्या कानाकडे बघायच्या. तीन आठवडे मी ते जवळजवळ रोज घातले. मधे उजवा कान सुजला, थोडा पिकला. आकड्याची तार हलकी होती, दुसरं काय असणार? मी कान पुसला, मलम लावलं, तार बदलली आणि पुन्हा घातले.

मग एका सोमवारी सोनाराचा फोन आला. "सिस्टर, त्या मोडीतला एक पत्रा तुमच्याकडं गेला काय? धनजची एक बाई आलती. तुमचं नाव सांगितलं मी. रागावू नका, लय रडत व्हती ती."

ती दुसऱ्याच दिवशी उपकेंद्रात आली. पंचविशीची असेल, कडक उन्हातनं बसनं आलेली, घामानं चेहरा डबडबलेला. माझी नजर सवयीनं आधी पोटावर गेली. पाचवा महिना. मी तिला बसवलं, पाणी दिलं, बीपी घ्यायला पट्टा काढला. तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, आमच्या बुढीची सवत तुमच्यापाशी हाय काय?"

मला वाटलं, उन्हानं हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी म्हटलं, "कोन सवत? आधी पानी पे तू."

मग तिनं सांगितलं. तिच्या सासूला घरात सगळे बुढी म्हणतात. ती दुसरेपणाची. पहिली बायको लग्नानंतर दोन वर्षांत वारली, मग हिला आणलं. त्यांच्यात अशा वेळी चांदीच्या पत्र्यावर पहिलीची आकृती काढून दुसरीच्या गळ्यात बांधतात. तो सवतीचा टाक. नवी साडी आली की आधी त्या टाकाला दाखवायची, मग आपण नेसायची. पुरणाचा पहिला घासही तिचाच. एवढं सांभाळलं की पहिली नाराज होत नाही, दुसरीच्या लेकराबाळांच्या वाटेला जात नाही. बुढीनं तो टाक बेचाळीस वर्षं गळ्यात घातला होता. मधे ती तापानं दवाखान्यात भरती झाली, तेव्हा गळ्यातलं सगळं काढून सुनेच्या हातात दिलं गेलं. सुनेनं ते बटव्यात टाकलं. त्याच बटव्यात तुटकी जोडवी होती. ती मोडीत देताना तिनं बटवाच उलटा केला.

"घरी आल्याबरोबर बुढीनं गळा चाचपला," ती म्हणाली. "मी म्हटलं, कपाटात हाय, देतो. लय दिवस हेच सांगून ढकललं. मंग सांगाच लागलं. चार दिस झाले, नुसता चहा पेते. म्हनते, ती मोकळी झाली, घरात फिरून राह्यली. माह्या पोटाकडं पाहते न् तोंड फिरवते. मले सांगते, तू एकटी नोको राहू ढोराच्या कोठ्यात."

हे ऐकताना ते दोन्ही तुकडे माझ्या कानात होते.

मी पदर डोक्यावरून घेतला. एप्रिलच्या उकाड्यात, पंखा बंद असलेल्या खोलीत. ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्या पाठीवरून घामाची धार चालली होती. आता डोळ्यांपुढं मला ते कणीस स्पष्ट दिसत होतं. दोन पाय, दोन हात, साडीचा घोळ. एका कानात एक हात आणि एक पाय, दुसऱ्या कानात दुसरा हात, दुसरा पाय. मी एका बाईला उभी चिरली होती आणि वर लाल मणी लावला होता.

"हाय माह्याकडं," मी म्हटलं. "शुक्रवारी आनून देतो घरी." ती माझे पाय धरायला वाकली, तशी मी तिला दंडाला धरून उभं केलं.

आता खरं काय ते लिहिते. गावोगाव फिरून मी बायांना सांगते की भूतबाधा नसते, बाबाकडे नेऊ नका, गोळ्या घ्या. मी ते मानतेही. तरी त्या दिवशी घरी जाऊन कानातले काढताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण मी स्वतः दुसरेपणाची आहे. यांची पहिली बायको काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. दीड वर्षानं मला आणलं. आमच्यात टाक नाही, नैवेद्य नाही. यांनी एका डबीत तिची पोत, कानातली फुलं आणि जोडवी ठेवली होती. ती लग्नाच्या आठवड्यात माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुला वाटेल ते कर." मला ती घालवेना, टाकवेना, आणि कपाटात तशीच ठेवून त्या खोलीत झोपवेनाही. म्हणून एके दिवशी मी दार लावून ती पोत तोडली, मणी वेगळे केले, जोडवी सोनाराकडून सपाट करून आणली आणि दुसरंच काहीतरी ओवलं. माझा पहिला दागिना तो. लोक विचारतात, सिस्टर, हा नाद कसा लागला? मी सांगते, टीव्हीवर पाहून.

यांना मी धनजची हकीकत सांगितली. मला वाटलं, हसतील. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "तिच्या पोतीचं तू काय केलं होतंस?"

तेरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मोडली." "बरं," ते म्हणाले, ताट उचललं आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. त्या 'बरं'मध्ये राग होता की नाही, हे मला कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

पुढचे दोन दिवस मी कामात चुका केल्या. एकीचं वजन दुसरीच्या कार्डावर लिहिलं. दुपारी घरी एकटी असताना कुकरची शिट्टी झाली तर दचकून उठले. सुजलेला कान सारखा चाचपून पाहायचे. ठणका वाढला की म्हणायचे, जंतू आहेत, जंतू. आणि लगेच मनात यायचं, बाई गं, मला माहीत नव्हतं.

सोनाराकडे दोन तुकडे नेले. त्यानं ते पाहून आधी देवाचं नाव घेतलं, मग जीभ चावली. डाग देऊन जोडता येतील का, म्हटलं. तो म्हणाला, "कडा घासून टाकल्या तुमी. मधातली चांदीच नाही राह्यली. अन् पत्रा एवढा बारीक हाय का आगीत धरला तं पानी होईन." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुसरा करून देऊ काय? बुढीले काय दिसते आता."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला ती चार दिवस न जेवलेली म्हातारी दिसत होती, सुनेचं पोट दिसत होतं, आणि माझी भीतीही त्यात मिसळलेली होती. खोटा का होईना, टाक तिच्या गळ्यात गेला की ती जेवेल आणि मी सुटेन. म्हातारीला मोतीबिंदू आहे, हे सुनेनं बोलता बोलता सांगितलंच होतं. मी डब्यातला चांदीचा पत्रा दिला. सोनारानं त्यावर हात जोडलेली बाई उठवली.

पुढचं काम माझं. चांदी जुनी दिसायला मी ती उकडलेल्या अंड्याच्या बलकाबरोबर डब्यात बंद करून ठेवते. तासाभरात काळी पडते. मग राखेनं घासली, कानशीनं चेहरा झिजवला, कडा बोथट केल्या. आजवर मी जुन्याचं नवं करत आले होते, आता नव्याचं जुनं करत होते. नाक तेवढं थोडं ठेवलं. सगळंच पुसलं तर ती बाई आहे हे कळणार कसं, असं वाटलं.

शुक्रवारी सुट्टी टाकून धनजला गेले. नकली टाक पर्समध्ये काळ्या दोऱ्यात ओवून, आणि खरे दोन तुकडे रुमालाच्या गाठीत. तुकडे बरोबर का घेतले, ते मला सांगता येणार नाही. घरी ठेवायची भीती वाटली, एवढंच.

सुनेनं ओसरीत नेलं. म्हातारी बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. अगदी बारीक, हातापायांच्या नुसत्या काड्या. गळा उघडा. जिथं दोरा होता तिथं कातडीवर एक फिकट रेघ होती. मी नर्स आहे, मी हजार गळे पाहिलेत. ऑपरेशनच्या आधी मी स्वतः कितीतरी बायांना दटावलंय, काढा ते सगळं गळ्यातलं, काही होत नाही. त्या रेघेकडे बघून मला पहिल्यांदा कळलं की त्या बाया रडत का होत्या.

"कोन व्हय?" ती म्हणाली.

"नर्सबाई हाय, आत्या," सून म्हणाली. "आपलं ते घेऊन आल्या."

मी नकली टाक तिच्या हातावर ठेवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला नाही. मुठीत घेतला आणि अंगठा फिरवला. वर, खाली, पुन्हा वर. अंगठा एका जागी थांबला.

"ही ते नाई," ती म्हणाली. "हिले नाक हाय. तिचं नाक म्या कवाच खाल्लं, घासू घासू."

सून रडायलाच लागली. मला उठून पळून जावंसं वाटलं, आणि पळणं शक्य होतं, दार उघडं होतं. पण मी पर्समध्ये हात घातला. मी रुमालाची गाठ सोडली आणि दोन तुकडे तिच्या दुसऱ्या हातावर ठेवले. सगळं सांगितलं. मोडीतनं घेतलं, काय आहे ते कळलं नाही, मी कापलं, तीन आठवडे कानात घातलं, मग हा खोटा करून आणला. शेवटी आवाज इतका बारीक झाला होता की तिला ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक.

ती ओरडेल, शिव्या देईल, अंगात येईल, मी सगळ्याची तयारी केली होती. तिनं दोन्ही तुकडे तळहातावर एकमेकांशेजारी लावले. मधे फट राहिली. त्या फटीवरून बोट फिरवलं.

"दुखलं असन नं वं तिले?" ती म्हणाली.

नोकरीत मी हा प्रश्न रोज ऐकते आणि उत्तर तयार असतं, नाही हो, मुंगी चावल्यासारखं. त्या ओसरीत मला ते उत्तर देता आलं नाही. "असन," मी म्हटलं.

"तुले काई म्हनली काय ते?"

"कान पिकला माह्या."

तिनं मान हलवली, जणू एवढं होणारच होतं. मग म्हणाली, "पन तू एवढी काहून भेऊन राह्यली? तिची न् तुही का वळख?"

तेव्हा मी सांगितलं. मीही दुसरेपणाची आहे, माझ्या घरीही एक होती. तिचं जे काही माझ्याकडे आलं ते मी मोडून टाकलं, कारण मला ते पाहवत नव्हतं. नवऱ्यासमोर, आईसमोर, बहिणीसमोर कधी बोलले नाही ते त्या अनोळखी ओसरीत, रडणाऱ्या सुनेसमोर बोलले.

म्हातारीनं तुकडे मुठीत घेतले. मग म्हणाली, "मले बी पयले लय भेव वाटे. सासूनं बांधली तं रातभर गळ्याले हात लावला नाई. वाटे, दाबन. मंग पोरगं झालं, ते मेलं. दुसरं झालं, ते जगलं. या समद्यात घरात माह्याजवळ कोन व्हतं? हेच. मी कोनाले काई सांगितलं नाई, हिले सांगितलं. तूनं तं तुहीले मोडून टाकली. मंग तू कोनाशी बोलते?"

मी रुमालाची घडी घालत राहिले.

तिनं तुकडे माझ्याकडे केले. "बांध मले. आगीत नोको घालू. दोऱ्यानं बांध."

मी आकडे काढले, लाल मणी काढले. वरच्या भोकांतून काळा दोरा ओवला, तुकडे जवळ आणले आणि भोवती दोऱ्याचे वेढे दिले, जखमेला पट्टी बांधतात तसे. फट झाकली गेली, पण हाताला लागत होती. मी तो तिच्या गळ्यात बांधला. गाठ मारताना माझी बोटं तिच्या थंडगार मानेला लागली. तिनं अंगठा फिरवला. तो फटीपाशी अडकला, तिथून पुढं गेला. मग सुनेला म्हणाली, "रडू नोको. भाकर आन. आधी हिले दाखव."

सून भाकरी-वरण घेऊन आली. म्हातारीनं घास टाकाला दाखवला आणि तोंडात घातला. तो चावताना मी बघत होते. मी निघायला उठले, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि तो नाकाचा टाक माझ्या हातात ठेवला.

"हे कोरी हाय," ती म्हणाली. "हिच्यात अजून कोनी नाई. तुहीले बसव."

"आजी, आमच्यात नसते हे. मी नाई मानत."

"नोको मानू," ती म्हणाली. "भेव तं लागते नं?"

सुनेनं मला फाट्यापर्यंत सोडलं. बस जवळपास रिकामीच होती. खिडकीशी बसून मी पर्सची चेन उघडली. आत तिकिटं, मलमाची ट्यूब, गोळ्यांची पाकिटं, सुटे पैसे. टाक त्यात टाकायला हात पुढं गेला आणि तसाच राहिला. या सगळ्यात तिला कसं टाकायचं? आणि गळ्यात घालायचं तर माझं धाडस नव्हतं. पलीकडच्या सीटवरची बाई विचारत होती, "काय झालं हो, पैसे हरवले काय?" मी नाही म्हटलं, पर्स बंद केली. कारंजा येईपर्यंत मी टाकातल्या तिला मुठीत धरून बसले होते, आणि माझा अंगठा तिच्या नाकावर होता.